प्लेगचे क्रूस, अर्थात सार्वजनिक हित आणि व्यक्तिस्वातंत्र्य

ज्युबिली हा शब्द आज आपण धर्मग्रामाच्या, संस्थेच्या अथवा विवाहाच्या वर्षगणतीला लावतो. परंतु त्याचे मूळ फार प्राचीन आहे. सात वेळा सात वर्षे लोटल्यावर येणारे पन्नासावे वर्ष शिंग फुंकून पवित्र म्हणून जाहीर करावे, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. त्या वर्षासाठी दोन गोष्टी विशेषेकरून सांगितल्या आहेत. दारिद्र्यामुळे दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या इस्राएली मनुष्याने मोकळे होऊन आपल्या कुटुंबात परत जावे. आणि विकलेली वडिलार्जित जमीन मूळ घराण्याकडे परत यावी. पहिल्या गोष्टीत एकेका व्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. दुसरीत सर्व समाजाचे हित आहे. कारण जमिनी कायमच्या मोजक्या धनिकांच्या हाती जाव्यात आणि बाकीच्यांनी भिकेला लागावे, हे परमेश्वराला मान्य नव्हते. हे दोन्ही दान एकाच शिंगाच्या नादाने दिले जाई, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत याच दोन दानांचा परस्परसंबंध तपासावा, असे आम्ही योजिले आहे. सार्वजनिक हित आणि व्यक्तिस्वातंत्र्य ही एकमेकांची वैरी आहेत, एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटते, अशी समजूत पुष्कळांची असते. ही समजूत खरी आहे की काय, हे केवळ तर्काने ठरविण्यापेक्षा इतिहासाला विचारणे अधिक चांगले. आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांतील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून फिरताना घरांच्या कोपऱ्याशी, वाटेच्या वळणावर दगडी क्रूस दृष्टीस पडतात. त्यांपैकी कित्येकांस वडीलधारी मंडळी आजही 'प्लेगचे क्रूस' म्हणतात. ज्या वर्षांनी ते क्रूस उभे केले, त्या वर्षांनीच हा प्रश्न आपल्या पूर्वजांच्या उंबरठ्यावर आणून ठेविला होता.

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विलक्षण ताप सुरू झाला. जांघेत अथवा काखेत गाठ येई, तापाने रोगी बरळू लागे आणि थोड्याच दिवसांत दगावे. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय, असे निदान करून ते म्युनिसिपालिटीपुढे मांडणारे गृहस्थ म्हणजे डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस. ते गोव्यातील हडफडे गावी 1856 साली जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले कॅथलिक डॉक्टर होते. व्यापारावर जगणाऱ्या शहरात असे निदान उघड सांगणे म्हणजे शहराच्या रोषास पात्र होणे होते. कारण प्लेगचे नाव निघताच परदेशची बंदरे मुंबईच्या मालाला बंद होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. तरीही डॉ. व्हिएगस यांनी सत्य सांगितले. सार्वजनिक हिताचा पहिला पाया सत्य हाच आहे. रोग लपवून ठेविला असता थोड्या दिवसांचा व्यापार वाचला असता. परंतु तो अनेकांच्या जिवावर वाचला असता.

यानंतर सरकारी उपायांस आरंभ झाला. 1896 च्या ऑक्टोबरात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून घरात शिरण्याचा आणि रोग्याला इस्पितळात हलविण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला; रोग्याची किंवा नातलगांची संमती असो वा नसो. त्या काळी इस्पितळात गेलेला प्लेगचा रोगी क्वचितच परत येई. त्यामुळे तेथे माणसे मुद्दाम मारतात, अशी कंडी पिकली. 29 ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. तेच इस्पितळ पुढे कस्तुरबा रुग्णालय या नावाने प्रसिद्ध झाले. या प्रकारानंतर सक्ती काहीशी सैल करण्यात आली. परंतु रोग वाढतच होता. 1891 च्या खानेसुमारीप्रमाणे 8,21,764 वस्तीचे हे शहर 1897 च्या आरंभी जवळजवळ निम्मे रिकामे झाले. माणसे आगगाडीने, गलबताने, पायी, जशी वाट मिळेल तशी गावाकडे निघाली; आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

युरोपातील राष्ट्रांना या रोगाची धास्ती बसली होती. 1897 च्या फेब्रुवारीत व्हेनिस येथे त्यांची आरोग्यपरिषद भरली. हिंदुस्थान सरकारवर दडपण आले आणि 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा अगदी आटोपशीर, परंतु त्याने दिलेले अधिकार अफाट होते. सरकारला आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याची मुभा, न पाळणाऱ्यास शिक्षा, आणि अंमलदारांवर दावा लावण्यास बंदी! या कायद्याचा हेतू प्राण वाचविण्याचा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या हेतूत व्यापाराची चिंता किती आणि चाळीतल्या माणसाची किती, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारणे रास्त आहे. अमुक गोष्ट सार्वजनिक हिताची आहे असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा त्या 'सार्वजनिक' शब्दात कोणकोण धरले आहे, हे आधी मोजून पाहावे.

या कायद्याचे कठोरतम रूप पुण्यास दिसले. वॉल्टर चार्ल्स रँड नामक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली 1897 च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोजिरांची पथके घरोघर फिरली. रोगी शोधण्यासाठी माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरावे. स्त्रीपुरुषांना बाहेर काढून तपासावे. रोग्यास इस्पितळात व घरच्यांस वेगळ्या छावणीत न्यावे. कपडालत्ता व सामान जाळावे, असा क्रम होता. आपली माणसे सभ्यतेने वागली, असे सरकारचे म्हणणे होते. लोकांच्या तक्रारी याहून अगदी वेगळ्या होत्या. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाई यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात छावणीतील स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी उघड तक्रार केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडात सोजिरांच्या अत्याचारांचा आरोप केला. परंतु पुरावा हाती न आल्यामुळे परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. ज्यांच्यावर बळजबरी झाली, त्यांना साक्ष देण्याची भीती वाटावी, ही गोष्टही त्या कारभाराचे स्वरूप सांगते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. 22 जून 1897 च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ आणि रँड 3 जुलै रोजी मृत्यू पावले. दामोदर चापेकर यांना 1898 च्या एप्रिलात फाशी झाली, पुढे त्यांच्या भावांनाही झाली. आणि 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. मनुष्यहत्येचे समर्थन आमचा धर्म करू देत नाही. तो नियम रँडच्या मारेकऱ्यांनाही लागू आहे. तथापि ज्या उपायाने प्राण वाचवावयाचे, त्याच उपायाने माणसांना इतके पेटवून सोडावे, यात कोठेतरी मूळचीच चूक होती, एवढे कबूल करणे भाग आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. स्वातंत्र्याच्या नावाखाली जे झाले, तेही सारे निर्दोष नव्हते. रोगी माळ्यावर, पेटाऱ्यांच्या आड, शेजाऱ्याच्या घरी लपविण्यात येत. मृत्यू दुसऱ्याच रोगाने झाला असे नोंदवीत. गाठ आलेला मनुष्य गाडीत बसून गावी जाई आणि निरोगी गावाला मरी लावी. ही माणसे दुष्ट होती असे नव्हे; ती भ्यालेली होती. आईला आपले लेकरू परक्याच्या हाती देववत नव्हते, यात तिचा काय दोष? परंतु भिंतीपलीकडच्या आईलाही लेकरू होतेच. आपल्या भावाचा राखणदार आपण आहो काय, असा काइनाने देवाला उलट प्रश्न केला होता. 'माझे घर, माझा रोगी, माझी मर्जी' असे म्हणणारे स्वातंत्र्य नकळत त्याच प्रश्नाशी येऊन थांबते.

उलटपक्षी, लोकांसाठी एका मनुष्याने मरणे सोयीचे आहे, असा सल्ला देणारा कायफा आपल्याला शुभवर्तमानात भेटतो. त्यानेही सार्वजनिक हिताचीच भाषा वापरली होती. एका निरपराध मनुष्याचा बळी देऊन उरलेल्यांचे हित साधते, असा त्याचा हिशेब होता. प्रभू येशूने स्वतःचा प्राण स्वखुशीने दिला ही गोष्ट वेगळी, आणि दुसऱ्याचा प्राण अथवा अब्रू आपण हिशेबात घालून मोकळे व्हावे ही गोष्ट वेगळी. आमच्या मते या प्रश्नाच्या दोन बाजूंना दोन खड्डे आहेत. एक काइनाचा, दुसरा कायफाचा. प्लेगच्या वर्षांत प्रजा पहिल्यात पडली आणि सरकार दुसऱ्यात.

मग वाट कोठे होती? तीही त्याच इतिहासात सापडते. मुंबईत 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात जुलाहा मुसलमानांच्या वस्तीतील बारा वर्षांच्या एका आजारी मुलीला तपासण्यास पथक आले, घरच्यांनी विरोध केला आणि त्यातून मोठा दंगा उसळला, माणसे मेली. इतके झाल्यावर सरकारचे डोळे उघडू लागले. निरनिराळ्या जातीजमातींना स्वतःची प्लेग-इस्पितळे चालविण्यास उत्तेजन मिळाले. तेथे आपल्या रीतीचे अन्न, आपल्या ओळखीचे वैद्य आणि आपल्या माणसांची भेट रोग्यास मिळू लागली. सोजिरांच्या जागी मोहल्ल्यातील प्रतिष्ठित मंडळींची मदत घेण्यात येऊ लागली. पुढील एकदोन वर्षांत अंगझडती व सक्तीने हलविणे मागे पडले. यामुळे रोग नाहीसा झाला असे मात्र नाही. प्लेगने पुढील दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. परंतु सक्तीने जो रोग थांबला नव्हता, तो निदान लोक व सरकार यांच्यात वैर न माजविता हाताळता येऊ लागला. आणि ज्या घराचे दार मोडावे लागे, ते आतून उघडण्याचा संभव निर्माण झाला.

लसीची कथा याहूनही बोधप्रद आहे. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन 1896 च्या ऑक्टोबरात मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत काम करून त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसरे आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष टोचून घेतले. डॉ. व्हिएगस यांनी गल्लोगल्ली हिंडून हजारो लोकांस स्वहस्ते लस टोचली. पुण्यास सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्याबरोबर रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी देह ठेविला. 1902 साली पंजाबातील मलकोवाल येथे टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले तेव्हा हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि तो दूर व्हावयास 1907 साल उजाडले. इतके होऊनही लसीवरचा विश्वास पुरता उडाला नाही, याचे एक कारण आम्हाला असे दिसते की ती लोकांवर लादलेली नव्हती. या साऱ्या मंडळींनी लोकहितासाठी प्रथम स्वतःचे काहीतरी पणास लाविले आणि मगच दुसऱ्याकडे मागणी केली.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सक्तीच्या भरात अंमलदारांनी गटारे धुतली, भिंती फोडून उजेड आणला, सामान जाळले. परंतु रोगाचे खरे वाहन त्यांना ठाऊकच नव्हते. उंदरावरील पिसवांतून हा रोग पसरतो, असे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीस दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे गेली. ज्याच्या हाती सत्ता असते, त्याचे ज्ञानही अपुरे असू शकते. म्हणूनच सक्ती जेथे अटळ असेल, तेथेही ती मोजकी, तात्पुरती आणि चूक आढळताच मागे घेण्याजोगी असावी.

सक्ती मुळातच पाप आहे, असे मात्र यावरून कोणी समजू नये. 1576 साली इटलीतील मिलान शहरी प्लेग आला, तेव्हा तेथेही लोकांस घरात कोंडून राहावे लागले. सुभेदार शहर सोडून गेला. आर्चबिशप संत चार्ल्स बोर्रोमेओ मात्र राहिले. त्यांनी क्वारंटीन मोडण्यास सांगितले नाही. चौकाचौकात वेदी मांडून पवित्र मिस्सा अर्पण करण्याची व्यवस्था केली, म्हणजे कोंडलेल्यांना खिडकीतून व दारातून त्यात भाग घेता यावा. ठरावीक वेळी घंटा वाजत आणि घरोघरची माणसे एकाच समयी प्रार्थना करीत. आपल्या वाड्यातील पडदे उतरवून त्यांनी उघड्यानागड्यांसाठी वस्त्रे करविली. त्या चौकांतील वेदींच्या जागी पुढे खांबांवर क्रूस उभे राहिले. आपल्या वस्त्यांतील प्लेगच्या क्रूसांचे हे जणू वडील बंधूच! मिलानची सक्ती पुण्याहून काही सौम्य नव्हती. परंतु तेथे आज्ञा पाळणाऱ्यांच्या शेजारी त्यांचा मेंढपाळ उभा होता आणि कोंडलेला मनुष्य टाकलेला नव्हता.

आता पवित्र धर्मसभेची शिकवण थोडक्यात पाहू. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की कायदा ही बुद्धीला धरून, सर्वांच्या हितासाठी, समाजाची काळजी वाहणाऱ्याने प्रसिद्ध केलेली आज्ञा होय. त्याचबरोबर त्यांनी असेही शिकविले की हेतू लोकहिताचा असूनही ओझे विषम वाटले असेल, तर तो कायदा अन्याय्य ठरतो. 1897 च्या कायद्याचे ओझे गरिबांच्या चाळींवर सर्वांत जड पडले, हे येथे आठवावे. तेरावे लिओ यांनी 1888 साली मानवी स्वातंत्र्यावर स्वतंत्र परिपत्र काढले आणि सत्याला व सदाचाराला सोडलेले स्वातंत्र्य हे खरे स्वातंत्र्य नव्हे, असे बजाविले. त्याच पोपमहाशयांनी 1891 च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रात मनुष्य हा राज्यसंस्थेहून आधीचा आहे, असेही सांगितले. अकरावे पायस यांनी 1931 साली असे प्रतिपादिले की जे काम लहान समूहाला करता येते, ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. मदनपुऱ्याच्या दंग्यानंतर मुंबई सरकार जे अनुभवाने शिकले, ते हेच. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सार्वजनिक हिताचा असा खुलासा केला की ज्या सामाजिक परिस्थितीत व्यक्तींना व समूहांना आपल्या पूर्णत्वास अधिक सहजपणे पोहोचता येते, ती सारी परिस्थिती म्हणजे सार्वजनिक हित.

या व्याख्येकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. तीत बहुसंख्यांचे हित असे म्हटलेले नाही. नव्याण्णवांचे सुख वजा एकाचे दुःख, अशी ती वजाबाकी नाही. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधास जातो, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. सार्वजनिक हित हे गावच्या विहिरीसारखे आहे. तीत प्रत्येकाचा पोहरा जाऊ शकतो, म्हणूनच ती गावची; आणि तीत घाण टाकण्याचे स्वातंत्र्य कोणालाच नसते, तेही ती गावची म्हणूनच. ज्याचा पोहरा आपण काढून घेतला, त्याच्यासाठी ती विहीर उरलीच नाही. मग ती सार्वजनिक कशी म्हणावी?

1950 साली अमलात आलेल्या आपल्या भारतीय राज्यघटनेने हाच तोल कायद्याच्या भाषेत मांडला आहे. एकोणिसाव्या कलमाने नागरिकास संचाराचे, वास्तव्याचे, भाषणाचे स्वातंत्र्य दिले आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्यास वाव ठेविला. 'वाजवी' हा एक शब्द किती मोलाचा आहे, ते 1897 चे स्मरण असलेल्यास सांगावे लागत नाही. 2020 साली कोविडची साथ आली, तेव्हा तोच सव्वाशे वर्षांचा जुना कायदा पुन्हा वापरात आला. ख्रिस्तमंदिरांची दारे बंद झाली आणि त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण आपण घरी राहून पाळला. आपल्या उपासनेच्या स्वातंत्र्यावर तो निर्बंध होता. परंतु शेजारच्या वृद्धाच्या प्राणासाठी तो आपण स्वीकारला. त्याच दिवसांत रोजगार बुडालेली माणसे शेकडो मैल पायी आपल्या गावी निघाली, हेही आपण पाहिले. दाराआड सुरक्षित बसलेल्याला जो निर्बंध सोसवला, तो दार नसलेल्याला कसा सोसवणार? संत थॉमसांनी सांगितलेली ओझ्याच्या वाटणीची कसोटी येथेही लागू पडते.

तात्पर्य, स्वातंत्र्य आणि सार्वजनिक हित यांतील भांडण ही मूळची अवस्था नव्हे. प्रीती आटली म्हणजे ते भांडण सुरू होते. जेथे प्रीती असते तेथे स्वतंत्र मनुष्य आपण होऊन ओझे उचलतो, आणि सत्ता त्याच्यावर झेपेल तेवढेच ठेवते. जेथे ती नसते, तेथे एकाला दार लावावेसे वाटते आणि दुसऱ्याला ते मोडावेसे वाटते. कायदा प्रीतीची जागा घेऊ शकत नाही; तो फार तर तिच्यासाठी जागा राखून ठेवू शकतो.

हा धडा गिरविण्याची शाळा म्हणजे आपला धर्मग्राम. येथे सभेत मत देताना, सामाईक जागेचा उपयोग ठरविताना, वर्गणी लावताना, सण साजरा करताना हा प्रश्न लहान रूपाने आपल्यापुढे वारंवार येतो. ठराव बहुमताने झाला, म्हणून अल्पमतातल्या बंधूचे मन मोडण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. आणि आपले मत पडले, म्हणून धर्मग्रामाच्या कामातून अंग काढून घेण्याचे स्वातंत्र्य आहे, असेही मानू नये. वर्गणी सर्वांना सारखी लावताना विधवेच्या घरी ती किती जड होते, हे कारभाऱ्यांनी पाहावे. आणि ज्याला परमेश्वराने अधिक दिले आहे, त्याने मागण्याची वाट पाहू नये.

प्लेगच्या क्रूसांपाशी आपले पूर्वज संध्याकाळी जमत आणि जपमाळेची प्रार्थना करीत. संत सेबास्तियन व संत रोक यांचा धावा करीत. त्या क्रूसापुढे ज्याच्या घरी मृत्यू झाला तो आणि ज्याचे घर वाचले तो, असे दोघेही गुडघे टेकीत. कोणी कोणाला तेथे ओढून आणलेले नव्हते. आणि कोणी एकटा आपल्यापुरतीच प्रार्थना करीत नव्हता. ज्युबिलीच्या शिंगाने जी दोन दाने एकदम जाहीर केली होती, ती अशी एका क्रूसाखाली पुन्हा एकत्र येत. आपल्या धर्मग्रामाच्या पुढील वर्षांतही ती तशीच एकत्र नांदोत. कोणाचेही दार मोडण्याचा प्रसंग न येवो, आणि शेजाऱ्यासाठी आपले दार आतून उघडण्याची बुद्धी प्रभू येशू ख्रिस्त, त्याच्या पवित्र मातेच्या मध्यस्थीने, आम्हा सर्वांस देवो, हीच या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना.